एंडोमेट्रिओसिस : प्रतिरक्षा व शोथ

गर्भाशयाच्या पोकळीला आतून जे श्लेष्मल अस्तर असते त्याला अंतःस्तर म्हणतात. या अंतःस्तरासारखे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) गर्भाशयाबाहेर रुजून वाढू लागते त्या विकाराला ‘एंडोमेट्रिओसिस’ असे नाव आहे. मराठीत त्याला गर्भाशय-अंतःस्तराची विस्थानता असे म्हणता येईल. विस्थानी ऊतकाचे हे पुंज बहुधा अंडाशय, श्रोणीच्या (ओटीपोटातील हाडांच्या कड्याने वेढलेल्या भागाच्या) पोकळीचे पर्युदर म्हणजे उदरगुहेचे पातळ अस्तर, गर्भाशयाला मागून आधार देणारे बंध आणि गर्भाशय व गुदाशय यांच्यामधील खळगा या ठिकाणी आढळतात. मूत्राशय, आतडे, प्रसूतीच्या वेळी केलेल्या शस्त्रक्रियेचा व्रण, मध्यपटल आणि क्वचित फुप्फुस येथेही ते सापडले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया व मुली, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी व्यक्ती, या विकाराने ग्रस्त आहेत.

ऋतुस्रावाच्या वेळी होणाऱ्या तीव्र वेदना, ओटीपोटातील चिरकारी (दीर्घकाल टिकणारे) दुखणे, समागमाच्या किंवा मलविसर्जनाच्या वेळी होणारी वेदना आणि वंध्यत्व ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. पुष्कळ काळ त्याचा विचार केवळ स्त्री-हॉर्मोनांवर पोसणारा, शरीररचनेतील एक दोष म्हणून होत असे. गेल्या सुमारे चार दशकांतील संशोधनाने मात्र हा विकार म्हणजे हॉर्मोन, प्रतिरक्षा (शरीराची संरक्षणयंत्रणा) व शोथ (दाहयुक्त सूज) या तिघांच्या परस्परक्रियेतून टिकून राहणारी व्याधी आहे, हे स्पष्ट झाले आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या परस्परक्रियेचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक : न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील स्त्रीरोगतज्ञ जॉन सॅम्सन यांनी १९२१ मध्ये अंडाशयातील जुन्या, गडद तपकिरी रक्ताने भरलेल्या द्रवार्बुदांचे (पुटींचे) सविस्तर वर्णन केले. रंगावरून या द्रवार्बुदांना आजही चॉकलेट पुटी म्हणतात. १९२५ मध्ये त्यांनी ‘एंडोमेट्रिओसिस’ ही संज्ञा वापरली आणि १९२७ मध्ये विकाराच्या उत्पत्तीविषयी आपली उपपत्ती तपशीलवार मांडली. ऋतुस्रावातील सर्वच रक्त योनिमार्गाने बाहेर पडत नाही. त्यातील काही भाग अंडवाहिन्यांमधून उलट दिशेने पर्युदरगुहेत शिरतो व त्याबरोबर आलेले अंतःस्तराचे जिवंत तुकडे तेथे रुजतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. याला प्रतिगामी ऋतुस्रावाची उपपत्ती म्हणतात. माकडांमध्ये गर्भाशयाचा स्राव उदरगुहेत पडेल अशी शस्त्रक्रियेने योजना केली असता त्यांतील काहींना हा विकार जडतो, असे १९५० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

पर्युदराच्या कोशिकांचेच रूपांतर अंतःस्तरसदृश ऊतकात होते, अशी दुसरी एक उपपत्ती असून ती जर्मन विकृतिवैज्ञानिक रोबेर्ट मायर यांच्या नावाशी निगडित आहे. तिसऱ्या मतानुसार रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या यांमार्गे अंतःस्तराच्या कोशिका दूरवर पोहोचतात. फुप्फुसासारख्या दूरच्या इंद्रियातील विकाराचे स्पष्टीकरण प्रतिगामी स्रावाने सहज होत नाही, त्यामुळे या उपपत्तींनाही स्थान आहे. तथापि श्रोणीतील सर्वसामान्य विकाराच्या बाबतीत सॅम्सन यांची उपपत्तीच अधिक ग्राह्य मानली जाते.

मूळ प्रश्न : सॅम्सन यांच्या उपपत्तीपुढे एक अडचण मात्र उभी राहिली. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या अंडवाहिन्या खुल्या आहेत अशा स्त्रियांची ऋतुस्रावाच्या सुमारास उदरदर्शनाने (पोटाला लहानसा छेद घेऊन आत नळीसारखा दर्शक घालून केलेल्या तपासणीने) पाहणी केली असता, सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या पर्युदरद्रवात रक्त आढळले. म्हणजे प्रतिगामी ऋतुस्राव ही विकृती नसून जवळजवळ सर्व स्त्रियांमध्ये घडणारी नित्याची घटना आहे. असे असताना दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीलाच हा विकार का व्हावा व उरलेल्या नऊ जणींच्या उदरगुहेत दरमहा येणारे हे ऊतक कोठे जाते, असा प्रश्न निर्माण झाला.

या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या स्वच्छतेच्या व्यवस्थेत शोधले गेले. पर्युदरगुहेत नेहमी थोडा द्रव असतो व त्यात प्रतिरक्षा यंत्रणेच्या निरनिराळ्या कोशिका वावरत असतात. अस्थानी आलेले रक्त, मृत कोशिका व ऊतकांचे तुकडे यांची विल्हेवाट लावणे हे त्यांचे काम होय. बहुसंख्य स्त्रियांमध्ये ते काही दिवसांत पुरे होते. विकारग्रस्त स्त्रियांमध्ये एक तर ही विल्हेवाट अपुरी पडते, किंवा येणारे ऊतक तिला दाद देत नाही, किंवा या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. १९८० मध्ये या विकारात आत्मप्रतिरक्षेचा (शरीराने स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध दिलेल्या प्रतिसादाचा) अंश असावा व त्याचा वंध्यत्वाशी संबंध असावा, असा विचार मांडला गेला. १९८१ मध्ये ऱ्हीसस माकडांवरील अभ्यासात, ज्या माद्यांना हा विकार निसर्गतःच झाला होता त्यांची कोशिकीय प्रतिरक्षा स्वतःच्या अंतःस्तराविरुद्ध क्षीण असल्याचे आढळले. येथून या क्षेत्रातील संशोधनाला वेग आला.

प्रतिरक्षा यंत्रणेतील बिघाड : प्रतिरक्षेच्या अनेक घटकांमध्ये या विकारात फरक आढळतो. त्यांपैकी महत्त्वाचे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) नैसर्गिक मारक कोशिका : विषाणुबाधित, कर्करोगी किंवा अस्थानी भटकणाऱ्या कोशिका ओळखून त्यांचा नाश करणाऱ्या या लसीका कोशिका होत. विकारग्रस्त स्त्रियांच्या रक्तातील व पर्युदरद्रवातील या कोशिकांची मारकशक्ती घटलेली असते आणि त्यांच्याच अंतःस्तराच्या कोशिकांविरुद्ध ती विशेष कमी पडते, असे बेल्जियममधील लूव्हाँ येथील संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. या कोशिकांची संख्या घटलेली नसते; त्यांना आवर घालणारे संकेत वाढलेले असतात. पर्युदरद्रवातील काही प्रथिने त्यांना निष्क्रिय करतात. विस्थानी ऊतकाच्या कोशिकाही आपल्या पृष्ठभागावरील ओळखीचे काही रेणू द्रवात सोडून देतात. मारक कोशिकांची ग्राहके या सुट्या रेणूंनीच व्यापली गेल्यामुळे खरे लक्ष्य त्यांच्या तावडीतून निसटते.

(२) महाभक्षी कोशिका : पर्युदरद्रवातील प्रतिरक्षा कोशिकांमध्ये यांचा वाटा मोठा असतो. परकीय पदार्थ व मृत ऊतक गिळून पचवणे आणि जखम भरून येण्यास मदत करणे अशी दुहेरी कामे त्या करतात. या विकारात त्यांची संख्या व क्रियाशीलता दोन्ही वाढलेल्या आढळतात. मात्र गिळण्याची शक्ती उणावलेली असते. सफाईऐवजी जखम भरण्याचे काम त्या करू लागतात, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या निर्माण करणारे, ऊतकाची वाढ करणारे व तंतुमय ऊतक घडवणारे पदार्थ स्रवू लागतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत महाभक्षी कोशिका काढून टाकल्या असता रोपित ऊतकाची वाढ खुंटते व त्याला रक्तपुरवठा मिळत नाही, असे दिसून आले. ज्या कोशिकांनी हे ऊतक नष्ट करावयाचे त्याच त्याचे पोषण करू लागतात, हे या विकाराचे एक मर्म होय. पुढे २०२१ मधील एका अभ्यासाने या कोशिका एकजिनसी नाहीत असे दाखवले. काही अंतःस्तराबरोबर आलेल्या, काही पर्युदरात मुळात राहणाऱ्या, तर काही रक्तातून नव्याने दाखल झालेल्या असतात व उगमानुसार त्या वाढीला पोषक किंवा मारक ठरतात.

(३) टी-लसीका कोशिका व प्रतिपिंडे : टी-लसीका कोशिकांपैकी काही प्रतिरक्षेला चेतवतात, तर नियामक कोशिका तिला आवर घालतात. विस्थानी ऊतकाच्या परिसरात हा तोल बिघडलेला असतो व नियामक कोशिकांच्या प्राबल्यामुळे ऊतकाला अभय मिळत असावे, असे अनेक निरीक्षणांवरून दिसते. काही रुग्णांच्या रक्तात अंतःस्तराच्या प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडे (प्रतिरक्षा यंत्रणेने विशिष्ट पदार्थांविरुद्ध तयार केलेली प्रथिने) आढळतात. तथापि ती सर्व रुग्णांत नसतात व निरोगी स्त्रियांतही कधीकधी असतात, त्यामुळे निदानासाठी त्यांचा उपयोग होऊ शकलेला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. अंतःस्तर हे शरीराचे ‘स्वकीय’ ऊतक आहे. जंतू किंवा परकीय कलम यांच्याविरुद्ध प्रतिरक्षा जशी उभी ठाकते तशी ती स्वतःच्या ऊतकाविरुद्ध सहसा उभी राहत नाही. शिवाय गर्भाच्या रूपाने येणारे अर्धे परके ऊतक सामावून घेण्याची प्रतिरक्षासहिष्णुता अंतःस्तराच्या ठिकाणी निसर्गतःच असते. हीच सहिष्णुता अस्थानी गेलेल्या ऊतकाच्या पथ्यावर पडते. म्हणून या विकारातील बिघाडाला केवळ ‘प्रतिकारशक्ती कमी होणे’ म्हणणे चुकीचे ठरते. प्रतिरक्षा येथे एका बाजूने सुस्त व दुसऱ्या बाजूने अतिउत्तेजित असते. ऊतक नष्ट करण्यात ती उणी पडते आणि शोथ निर्माण करण्यात अतिरेक करते.

शोथाचे दुष्टचक्र : विस्थानी ऊतकही हॉर्मोनांच्या चक्राला प्रतिसाद देते व त्यातून रक्तस्राव होतो, मात्र या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. तांबड्या कोशिका फुटून त्यांतील लोह मुक्त होते. अतिरिक्त लोहामुळे अत्यंत विक्रियाशील अशी ऑक्सिजनयुक्त मूलके तयार होतात व ती सभोवतालच्या ऊतकाला इजा करतात. त्या इजेमुळे शोथाला कारणीभूत असणारी जनुके कार्यान्वित होऊन अनेक सायटोकाइने (कोशिकांमधील संदेश वाहणारी प्रथिने) स्रवली जातात. विकारग्रस्त स्त्रियांच्या पर्युदरद्रवात इंटरल्यूकीन-१, इंटरल्यूकीन-६, इंटरल्यूकीन-८, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि रक्तवाहिन्यांची वाढ करणारा घटक यांचे प्रमाण वाढलेले आढळते. त्यांतील काहींमुळे आणखी महाभक्षी कोशिका त्या जागी आकर्षित होतात व स्राव आणखी वाढतो.

या चक्राला हॉर्मोनाची जोड मिळते. निरोगी अंतःस्तरात ॲरोमॅटेज हे ईस्ट्रोजेन (स्त्रीत्वाची लक्षणे घडवणारे हॉर्मोन) तयार करणारे एंझाइम जवळजवळ नसते. विस्थानी ऊतकात मात्र ते असते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवले. शोथात निर्माण होणारे प्रोस्टाग्लँडीन ई-२ या एंझाइमाला प्रबळ चेतना देते. एंझाइमामुळे जागच्या जागी ईस्ट्रोजेन बनते आणि ते ईस्ट्रोजेन प्रोस्टाग्लँडीन तयार करणाऱ्या यंत्रणेला पुन्हा चालना देते. अशा रीतीने शोथामुळे हॉर्मोन व हॉर्मोनामुळे शोथ असे चक्र अखंड चालू राहते. प्रोस्टाग्लँडीन ई-२ मुळे महाभक्षी कोशिकांची गिळण्याची शक्तीही घटते, म्हणजे सफाईला अडथळा आणणारा पदार्थ शोथातूनच जन्मतो. याच्या जोडीला विस्थानी ऊतक प्रोजेस्टेरॉन या वाढीला लगाम घालणाऱ्या हॉर्मोनाला पुरेसा प्रतिसाद देत नाही. अंडाशयाकडून येणारे ईस्ट्रोजेन कमी झाले तरी काही रुग्णांत विकार का टिकून राहतो, याचे स्पष्टीकरण या स्थानिक निर्मितीवरून मिळते.

वारंवार इजा व वारंवार दुरुस्ती यांचा शेवट तंतुमय ऊतक तयार होण्यात होतो. त्यामुळे जवळची इंद्रिये एकमेकांना चिकटतात. या तंतुमय बंधांना आसंजने म्हणतात. अंडाशय, अंडवाहिन्या, गर्भाशय व आतडे एकत्र जखडली गेल्याने श्रोणीची स्वाभाविक रचनाच बदलून जाते.

वेदना व वंध्यत्व : विकाराची व्याप्ती व वेदनेची तीव्रता यांत मेळ नसतो, हा चिकित्सकांचा जुना अनुभव आहे. अगदी थोडे ऊतकपुंज असलेल्या स्त्रीला असह्य वेदना होतात, तर मोठी द्रवार्बुदे असलेली स्त्री कधीकधी काहीच तक्रार करीत नाही. शोथाच्या अभ्यासाने या कोड्याची बरीच उकल केली आहे. वेदना ऊतकाच्या आकारमानापेक्षा त्याच्या रासायनिक क्रियाशीलतेवर अवलंबून असते. प्रोस्टाग्लँडिने व सायटोकाइने तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांना चेतवतात. महाभक्षी कोशिका व ऊतकपुंज यांतून स्रवणाऱ्या वृद्धिघटकांमुळे ऊतकात नवे तंत्रिका तंतू शिरतात. दीर्घकाळ वेदना-संदेश येत राहिल्याने मेरुरज्जू व मेंदू यांची संवेदनशीलताच वाढते. मग ऊतक काढून टाकल्यावरही वेदना काही काळ राहू शकते. ती काल्पनिक किंवा मानसिक दुर्बलतेमुळे आलेली नसून तंत्रिका तंत्रात घडून आलेल्या वास्तव बदलांचा परिणाम असते.

या विकाराच्या ३० ते ५० टक्के स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येते. आसंजनांमुळे अंडवाहिनीची हालचाल व अंड ग्रहण करण्याची क्रिया यांत अडथळा येतो हे एक कारण झाले. परंतु रचना बिघडलेली नसतानाही वंध्यत्व दिसते, तेव्हा शोथयुक्त द्रवाचा परिणाम विचारात घ्यावा लागतो. विकारग्रस्त स्त्रियांच्या पर्युदरद्रवातील महाभक्षी कोशिका शुक्राणू गिळतात असे १९८२ मध्ये प्रयोगशाळेत आढळून आले. याखेरीज या द्रवातील पदार्थ शुक्राणूंची गती, अंडाची गुणवत्ता व गर्भाचे रोपण यांवर अनिष्ट परिणाम करतात. असे असले तरी या विकाराच्या पुष्कळ स्त्रियांना नैसर्गिक रीत्या किंवा उपचारांच्या साहाय्याने अपत्यप्राप्ती होते, हेही तितकेच खरे आहे.

कारण की परिणाम ? : प्रतिरक्षेतील बिघाडामुळे विकार होतो की विकारामुळे प्रतिरक्षा बिघडते, हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे. बहुतेक निरीक्षणे विकार जडल्यानंतरच्या स्त्रियांवर केलेली असल्याने त्यांवरून पूर्वापर क्रम ठरविता येत नाही. केन्यातील नैरोबी येथे बबून माकडांवर झालेल्या प्रयोगांमधून दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला. प्रतिरक्षा दाबून टाकणारी औषधे दिली असता ज्या माद्यांत विकार आधीपासून होता त्यांत तो वाढला. निरोगी माद्यांत मात्र केवळ त्या औषधांनी तो उत्पन्न झाला नाही. उलटपक्षी निरोगी माद्यांच्या श्रोणीत ऋतुस्रावातील अंतःस्तर सोडला असता पर्युदरद्रवात शोथाची चिन्हे दिसू लागली, म्हणजे शोथ हा ऊतकाच्या आगमनाचा परिणामही असतो. यावरून बिघडलेली प्रतिरक्षा एकटीच विकार उत्पन्न करीत नसून आलेल्या ऊतकाला टिकू देते व टिकलेले ऊतक तिला आणखी बिघडवते, असा समन्वय बहुतेक तज्ञ मान्य करतात.

आनुवंशिकतेचाही येथे वाटा आहे. ऑस्ट्रेलियातील जुळ्या बहिणींच्या अभ्यासावरून विकाराच्या प्रवृत्तीतील सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे १९९९ मध्ये दिसून आले. २०२३ मध्ये ६० हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकसंचाची तुलना निरोगी स्त्रियांशी करून विकाराशी निगडित अशी ४२ स्थाने निश्चित करण्यात आली. २०२५ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या आरोग्य-माहितीसंग्रहाच्या आधारे केलेल्या अभ्यासात, या विकाराच्या स्त्रियांना संधिवाताभ संधिशोथ, बहुविध काठिण्य, सीलिएक रोग यांसारखे आत्मप्रतिरक्षा विकार होण्याचा धोका ३० ते ८० टक्के अधिक असल्याचे आढळले. हा वाढीव धोका सापेक्ष असून मुळात हे रोग विरळ असल्याने बहुसंख्य रुग्णांना ते होत नाहीत. तसेच या साहचर्यामुळे एंडोमेट्रिओसिस हाच आत्मप्रतिरक्षा रोग आहे असे सिद्ध होत नाही. दोहोंमध्ये काही समान जनुकीय पाया असावा एवढेच त्यावरून सूचित होते.

जंतूंचा संबंधही तपासला जात आहे. जपानमधील नागोया येथील संशोधकांना २०२३ मध्ये सुमारे ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशयाच्या अंतःस्तरात फ्यूजोबॅक्टिरियम या वंशातील जंतू आढळले. विकार नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. उंदरांमध्ये प्रतिजैविक औषधाने ऊतकपुंज घटले. परंतु हा अभ्यास लहान असून त्यावरून रुग्णांना प्रतिजैविके देणे समर्थनीय ठरत नाही. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या मुंबईतील प्रजनन व बालस्वास्थ्यविषयक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भारतीय रुग्णांतील लक्षणे व आनुवंशिक घटक यांचा अनेक केंद्रांमधून अभ्यास करण्यात येत आहे. पूर्वीची बहुतेक माहिती यूरोपीय वंशाच्या स्त्रियांवरून मिळालेली असल्याने अशा अभ्यासाला विशेष महत्त्व आहे.

निदान : लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेक वर्षे लोटतात, निरनिराळ्या देशांत हा काळ सर्वसाधारणपणे ४ ते १२ वर्षांचा आढळला आहे. पाळीच्या वेळी दुखणे हा बाईच्या जातीचा भोगच होय, लग्न किंवा बाळंतपण झाले की ते थांबेल, अशा समजुतींचा त्यात मोठा वाटा आहे. वर वर्णिलेले शोथाचे चक्र लक्षात घेता या विलंबाची किंमत कळून येते, कारण या काळात काही रुग्णांत आसंजने वाढत राहतात व तंत्रिका तंत्राची अतिसंवेदनशीलता पक्की होते. शाळा, महाविद्यालय किंवा काम दर महिन्याला बुडवावे लागेल, अथवा नेहमीच्या वेदनाशामकांनी शमणार नाही एवढे दुखणे हे स्वाभाविक मानू नये.

पूर्वी उदरदर्शन व ऊतकाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी हीच निदानाची निर्णायक कसोटी समजली जाई. २०२२ च्या यूरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार लक्षणे, शारीरिक तपासणी, सोनोग्राफी व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा यांवरून निदान करून उपचार सुरू करता येतात. मात्र पर्युदरावरील लहान ऊतकपुंज या प्रतिमांमध्ये दिसतीलच असे नाही, म्हणून प्रतिमा स्वच्छ आल्याने विकार नाही असे ठरत नाही. रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले असू शकते. परंतु इतर अनेक कारणांनीही ते वाढते. शोथदर्शक अशा कोणत्याही एका पदार्थाच्या मापनावरून निश्चित निदान करणे अद्याप शक्य झालेले नाही.

चिकित्सा : प्रचलित उपचार शोथचक्राच्या निरनिराळ्या टप्प्यांवर आघात करतात. आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन, मेफेनॅमिक अम्ल यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखून वेदना कमी करतात. ऊतकपुंज मात्र त्यांनी नाहीसे होत नाहीत. गर्भनिरोधक संयुक्त गोळ्या, डायनोजेस्ट व नॉरएथिस्टेरॉन यांसारखी प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे आणि हॉर्मोनयुक्त गर्भाशयांतर्गत साधन यांमुळे ऋतुस्राव व ईस्ट्रोजेनाचा प्रभाव घटतो आणि पर्यायाने शोथही मंदावतो. मस्तिष्कातून अंडाशयाला मिळणारी चेतना रोखणारी औषधे अधिक प्रभावी असली, तरी त्यांमुळे हाडे विरळ होण्याचा धोका असल्याने त्यांबरोबर अल्प मात्रेत हॉर्मोने द्यावी लागतात. या उपचारांच्या काळात बहुधा गर्भधारणा होत नाही. म्हणून अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रियांसाठी शस्त्रक्रिया किंवा शरीरबाह्य फलन यांचा विचार करतात. शस्त्रक्रियेने ऊतकपुंज व आसंजने काढून टाकता येतात. परंतु पाच वर्षांत सुमारे ४० ते ५० टक्के रुग्णांत विकार पुन्हा उद्‌भवतो. ऊतक काढले तरी ते रुजू देणारी परिस्थिती कायम राहते, हे त्याचे एक कारण असावे.

प्रतिरक्षेवरच उपचार करण्याच्या प्रयत्नांना अद्याप मर्यादित यश मिळाले आहे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला निष्प्रभ करणाऱ्या औषधांनी बबून माकडांत ऊतकपुंज कमी झाले. परंतु त्याच जातीच्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्त्रियांच्या वेदनेवर परिणाम दिसला नाही. शोथाचे अनेक मार्ग एकाच वेळी चालू असताना त्यांतील एकच बंद करून भागत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. इंटरल्यूकीन-८ ला बांधून ठेवणाऱ्या प्रतिपिंडामुळे माकडांत ऊतकपुंज व तंतुमय ऊतक दोन्ही घटल्याचे २०२३ मध्ये जपानमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले असून त्या दिशेने संशोधन चालू आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ म्हणून विकली जाणारी पौष्टिके मात्र या विकारात गुणकारी असल्याचा पुरावा नाही. वर दाखविल्याप्रमाणे येथील दोष निव्वळ शक्तीच्या अभावाचा नसून नियंत्रणाचा आहे, त्यामुळे अशा उपायांना शास्त्रीय आधारही नाही.

एंडोमेट्रिओसिस हा कर्करोग नव्हे. दीर्घकालीन शोथ व लोहाचा साठा यांमुळे अंडाशयाच्या काही विशिष्ट प्रकारच्या कर्करोगांचा धोका किंचित वाढतो. परंतु आयुष्यभरातील एकूण धोका दोन टक्क्यांहून कमीच राहतो. रजोनिवृत्तीनंतर बहुतेक रुग्णांची लक्षणे ओसरतात. तोपर्यंतच्या दोन-तीन दशकांत मात्र हा विकार मधुमेह किंवा दमा यांप्रमाणे चिरकारी व्याधी मानून त्याची सातत्याने देखरेख करावी लागते. लवकर निदान, वेदनेवर पुरेसा उपचार आणि अपत्यप्राप्तीच्या दृष्टीने वेळीच योजलेली चिकित्सा यांच्या साहाय्याने बहुसंख्य रुग्णांना आपले नेहमीचे जीवन जगता येते.